सायकलीचा हिशेब आणि चाकणचा रस्ता

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले, तेव्हा साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी सायकलींवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला. पहिल्या सवलतीचा गाजावाजा झाला. दुसरीची दखल क्वचितच कोणी घेतली. ऐंशी हजारांच्या मोटारसायकलीवर त्यामुळे सहा हजारांच्या आसपास रक्कम वाचते आणि आठ हजारांच्या सायकलीवर जेमतेम पाचशे रुपये, हे पाहता त्यात नवल नाही. तथापि, ज्या पट्ट्यात ही वाहने तयार होतात आणि जेथे ती तयार करणारे लाखो हात दररोज कामावर ये-जा करतात, त्या पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात एक साधा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन तपासण्यासारखा आहे. सायकलने कामावर जाणे खरोखरच स्वस्त पडते काय?

वरवर पाहता प्रश्नच हास्यास्पद वाटावा. सायकलीला पेट्रोल लागत नाही, मग ती स्वस्तच! परंतु हिशेब मांडू लागले की उत्तर तितके सरळ राहत नाही.

या नगरीचा पूर्वेतिहास सायकलीचा आहे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, आणि १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिल्यानंतर, पुढे आकुर्डीला बजाज आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को आल्यानंतर, कारखान्याचा भोंगा आणि सायकलींचा लोंढा हे समीकरण येथेही रुजले. १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. परवाना-राज ओसरले, हप्त्याची सोय झाली आणि मोटारसायकल चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आली. तरीही २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर सायकलने जाणारे आणि दुचाकीने जाणारे यांचे देशातील प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे प्रत्येकी सुमारे १३ टक्के होते.

आता आकडेमोड. घर ते कारखाना ८ किमी अंतर आणि महिन्याला २६ दिवस काम धरले, तर वर्षाची ये-जा सुमारे ५ हजार किमी होते. मोटारसायकल लिटरला ५० किमी जाते असे मानू. पुण्यात पेट्रोलने २०२१ च्या मध्यात लिटरमागे शंभरी ओलांडली; येथे १०४ रुपये धरले आहेत. म्हणजे वर्षाचे पेट्रोल १० हजार ४०० रुपयांचे. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेक यांचे ५ हजार. विमा आणि पीयूसीचे १ हजार ८०० धरू. आता जो खर्च कोणी मोजत नाही त्याकडे वळू. रस्त्यावर येईपर्यंत ९० हजारांना पडलेली गाडी आठ वर्षांनी २० हजारांना विकली, तर घसारा वर्षाला ८ हजार ७५० रुपये होतो. त्यातील ७० हजार कर्जाऊ घेतले, तीन वर्षांची मुदत आणि १२ टक्के व्याज असले, तर व्याजाचा बोजा आठ वर्षांत वाटून वर्षाला सुमारे १ हजार ७०० पडतो. सर्व मिळून २७ हजार ६५० रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये. पंपावर दिलेले पैसे यात ४० टक्केसुद्धा भरत नाहीत. पेट्रोल एका रुपयाने वाढले की आपण हळहळतो. पण खरा खर्च गाडी घेतली त्याच दिवशी ठरलेला असतो.

सायकलीचे काय? ८ हजारांची साधी सायकल पाच वर्षे वापरून भंगारभावात हजार रुपयांना गेली, तर घसारा वर्षाला १ हजार ४०० रुपये. टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, पंक्चर यांचे २ हजार. दिवा, कुलूप, हेल्मेट यांचे ५०० धरू. एकूण ३ हजार ९००. मात्र येथे सायकलप्रेमी मंडळी नेमकी एक नोंद विसरतात. सायकलीलाही इंधन लागते, फक्त ते स्वयंपाकघरातून येते. रोज १६ किमी सायकल चालवायला चारशेच्या आसपास उष्मांक लागतात. मूठ-दोन मुठी शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा तीन-चार पोळ्या. दिवसाला १५ रुपये धरले तरी वर्षाला ४ हजार ६८० रुपये होतात. म्हणजे सायकलीचा खरा खर्च ८ हजार ५८० रुपये, त्यातला निम्म्याहून अधिक अन्नाचा. ज्याचे काम दिवसभर बैठे आहे, त्याने हा आकडा वजा करावा. त्याला तो व्यायाम म्हणून फुकट पडतो. आठ तास प्रेस मशीनपुढे उभा राहणाऱ्याला व्यायामाची उणीव नसते. त्याच्यासाठी हा खर्च खराच आहे.

तरीसुद्धा दोहोंतील तफावत १९ हजारांची भरते. आता या तफावतीतली अट पाहू. हे १९ हजार वाचतात ते मोटारसायकल घेतलीच नाही तर! गाडी दाराशी उभी ठेवून केवळ कामावर जायला सायकल वापरली, तर घसारा, व्याज, विमा चालूच राहतात. वाचते ते पेट्रोल आणि देखभालीतले साधारण ३ हजार, मिळून १३ हजार ४००. त्यातून सायकलीचा खर्च वजा जाता हाती ४ हजार ८०० उरतात. पावसाळ्याचे चार महिने पुन्हा गाडीच काढली, तर बचत अडीच हजारांवर, म्हणजे महिन्याला दोनशे रुपयांच्या घरात येते. उत्साहाने सायकल घेणारे अनेकजण वर्षभरात ती गॅलरीत टांगून ठेवतात. त्यांच्या आळसाला हा हिशेब थोडाफार जबाबदार असावा. आणि मोटारसायकल काही केवळ कामासाठी नसते. मुलांना दवाखान्यात नेणे, शनिवारचा चाकणचा बाजार, सणाला गावाकडे जाणे ही कामे ती करते. म्हणून तिचा सगळा घसारा कामाच्या वाटेवर टाकणे थोडे अन्यायाचे आहे, हेही मान्य करावे लागेल. सायकलीची मोठी बचत दिसते ती घरात पहिले नव्हे, तर दुसरे वाहन टळते तेव्हा. नवरा-बायको दोघे कमावतात, मुलगा कॉलेजात गेला आहे, अशा घरांत हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी उभा राहतो.

राहिला वेळ. ८ किमीला मोटारसायकलीने २० मिनिटे आणि सायकलने ३५ मिनिटे धरली, तर रोजचा अर्धा तास, वर्षाचे १५६ तास अधिक जातात. १९ हजारांना १५६ ने भागले की तासाला १२२ रुपये येतात. महिना १६ हजार रुपये हाती पडणाऱ्या कंत्राटी कामगाराची तासाची कमाई ७७ रुपये असते. म्हणजे कारखान्यात मिळते त्याहून अधिक दराने त्याला पायडल मारण्याचे पैसे मिळतात! ५० हजार पगाराच्या अभियंत्याचा तास २४० रुपयांचा. त्याला हा सौदा तोट्याचा.

इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ मध्ये 'एनर्जी अँड इक्विटी' या छोटेखानी पुस्तकात असाच एक हिशेब मांडला होता. सरासरी अमेरिकन माणूस मोटार चालवण्यात, तिच्यासह खोळंबून राहण्यात आणि तिचे पैसे कमावण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि त्यात ७,५०० मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी ५ मैलांहूनही कमी, असे त्याचे म्हणणे. हीच रीत चाकणला लावून पाहू. आपल्या कंत्राटी कामगाराला मोटारसायकलीचे २७ हजार ६५० रुपये मिळवायला ३५९ तास राबावे लागते. चालवण्याचे २०८ तास त्यात मिळवले की ५ हजार किमीसाठी ५६७ तास होतात. खरा वेग ताशी ९ किमीच्या आत. सायकलीचे पैसे १११ तासांत सुटतात आणि चालवायला ३६४ तास लागतात; वेग ताशी साडेदहा किमी. अभियंत्याच्या बाबतीत आकडे उलटतात: मोटारसायकल साडेपंधरा, सायकल साडेबारा. थोडक्यात, मोटारसायकल ही कमी पगाराच्या माणसाला संथ करणारी आणि जास्त पगाराच्या माणसाला वेगवान करणारी वस्तू आहे.

मग ज्याला सायकल सर्वाधिक परवडते तोच हप्त्यावर मोटारसायकल का घेतो? प्रतिष्ठा हे एक कारण असेल. हुंड्या-मानपानाच्या यादीतही ती असते. पण त्यावर सगळे खापर फोडणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय. संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात जाऊन पाहावे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, सहा आसनी रिक्षा आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारे दुचाकीस्वार! महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांतील खोल्यांतून कामगार राहतात. कारखान्याचे अंतर पुष्कळदा सायकलच्या आवाक्यातले असते. रस्ता मात्र आवाक्यातला नसतो. रात्रपाळीला निघालेल्या सायकलस्वाराला कडेची खडी, मागून येणारा चौदाचाकी ट्रक आणि अंधार यांतून निवड करावी लागते.

मोटारसायकलीने तो सुरक्षित होतो असेही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. सायकलस्वारांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. पण त्यावरून सायकल सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल, कारण महामार्गावरून सायकल चालवण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्या, कर्मचारी राज्य विम्याखालील कामगाराला कामाच्या वाटेवरील अपघातही २०१० च्या दुरुस्तीपासून नोकरीतील इजा म्हणून गणता येतो. एका अपघातात बुडणारी महिन्याची मजुरी सायकलीची वर्षभराची बचत जवळजवळ गिळून टाकते. हिशेबाच्या वहीत हे कलम लिहिता येत नाही, पण कामगाराच्या मनात ते पहिल्या ओळीवर असते.

बसचा पर्याय म्हणावा, तर पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतला पीएमपीचा मासिक पास जून २०२५ पासून ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला, म्हणजे वर्षाला १८ हजार. चाकण त्या हद्दीच्याही बाहेर. एकदा मोटारसायकल घेतली की तिचे वर्षाचे पेट्रोल पासापेक्षा स्वस्त पडते. मग बसकडे कोण फिरकेल? मार्च २०२२ मध्ये धावू लागलेली मेट्रो पिंपरीहून पुण्याच्या दिशेने जाते, चाकणच्या नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या बसगाड्या आहेत, परंतु कंत्राटी आणि सुट्या भागांच्या लहान कारखान्यांतील कामगार बहुधा त्या सोयीबाहेर राहतो. आठ तासांची पाळी बारा तासांवर गेली की तर बसचे वेळापत्रक त्याच्या कामाचे राहतच नाही.

पूर्वीच्या नियोजनकर्त्यांना हा प्रश्न कळत होता असे दिसते. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, ते कामगाराला कारखान्याच्या जवळ परवडणारे घर मिळावे या हेतूने. ते उद्दिष्ट पुरते साधले नाही, हा वेगळा विषय. पण निगडी-आकुर्डीच्या सेक्टरांमधून कारखान्याच्या फाटकापर्यंत सायकलने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येत असे. चाकणला कारखाने आधी आले. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशी नावे तेथे झळकू लागली. नगरपरिषद मिळाली तीच २०१५ मध्ये. नवनगर मात्र आले नाही. शेतजमिनींवर चाळवजा खोल्या उभ्या राहिल्या आणि त्यांना कारखान्याशी जोडणारा रस्ता म्हणून ट्रेलरचाच रस्ता हाती आला.

नेदरलँड्समध्ये मालक कर्मचाऱ्याला कामाच्या प्रवासासाठी किलोमीटरमागे २३ युरोसेंटपर्यंत करमुक्त भत्ता देऊ शकतो, तो सायकलने येणाऱ्यालाही. आपल्याकडे महिना १,६०० रुपयांपर्यंतचा प्रवासभत्ता करमुक्त असे. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो प्रमाणित वजावटीत विरघळून गेला. अर्थात आयकरच न भरणाऱ्या कंत्राटी कामगाराला दोन्हींचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या दृष्टीने भत्ता एकच: फाटकापर्यंतची तीन मीटर रुंदीची, दिवे असलेली, ट्रकला मज्जाव असलेली पट्टी. एका मोटारसायकलीमागे वर्षाला १९ हजार या दराने हिशेब केला, तर अशा पट्टीने हजार घरांतले एकेक वाहन टळले की वर्षाला १ कोटी ९० लाख रुपये कामगारांच्या खिशात राहतात. ही पगारवाढ कोणत्याही करारावर सही न करता मिळणारी आहे.

नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किमीच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७ हजार ८२७ कोटी रुपयांचा. ट्रेलर वरून गेले, तर खालचा रस्ता प्रथमच मोकळा होण्याची शक्यता आहे. त्या खालच्या रस्त्यावर खांबांच्या दोन्ही बाजूंना किती रुंदी सोडायची, ती वाहनतळाला द्यायची, टपऱ्यांना की सायकलींना, आणि कुरुळी फाट्यावर किंवा तळेगाव चौकात सायकलस्वाराने रस्ता कोठून ओलांडायचा, या गोष्टी आराखड्याच्या कागदावर ठरतात. खांब उभे राहिल्यावर त्या बदलत नाहीत. चाकणच्या कारखानदार संघटना वाहतूक कोंडीविषयी सातत्याने बोलत आल्या आहेत, पण त्यांच्या मागण्यांचा रोख मालाच्या आणि बसगाड्यांच्या वाटेवर असतो; सायकलची पट्टी मागणारा कामगार कंत्राटावर आहे आणि पुढच्या वर्षी तो याच फाटकातून आत जाईल याची त्याला स्वतःलाच खात्री नाही.