बापूंचं चित्र बोटांनी पाहा

मुलांनो, आज चित्र पाहायला मुंबईला जायला नको. घरातल्या मोठ्या माणसांकडून शंभराची एक कोरी नोट मागून घ्या. "बाईंनी सांगितलंय" म्हणा, आणि काम झाल्यावर आठवणीनं परत द्या! सोबत भिंग घ्या.

आता नोटेवरचे गांधीजी नीट पाहा. चेहऱ्यावर सावली दिसते ना? भिंग धरलं की ती सावली नाहीशी होते. उरतात नुसत्या बारीक रेघा. उजेड असेल तिथं विरळ, सावली असेल तिथं दाट. हा चेहरा १९४६ सालच्या एका फोटोवरून घेतला आहे. पण फोटोत रेघा कुठून येणार? हसू ओठांच्या कडेला कुठवर न्यायचं, ते कोरणाऱ्यानं रेघांनीच साधलं. मला तरी ते हसू फार आवडतं.

आता डोळे मिटून चित्रावरून अंगठा फिरवा. खरखर लागते? या छपाईला इंटॅग्लिओ म्हणतात. चटणी वाटून झाल्यावर पाटा हातानं निपटला, तरी टाकीच्या खळग्यांत चटणी राहतेच. भाकरीचा तुकडा दाबून फिरवला की ती तुकड्याला लागून येते. (ही भाकरी कुणी खाल्ली नसेल, त्याला काय सांगावं!) इथंही तसंच. धातूच्या पत्र्यात चित्र कोरतात, खळग्यांत शाई भरतात, वरची पुसून टाकतात आणि कागद जबरदस्त दाबानं दाबतात. कागद खळग्यांत शिरून शाई उचलतो, म्हणून ती उंच बसते. शाळेच्या रबरी शिक्क्याचं याच्या अगदी उलट. तिथं उंच भागाला शाई लागते. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. रंगीत झेरॉक्समध्ये चेहरा हुबेहूब येईल, पण अंगठ्याला सपाट लागेल.

हे मला पुस्तकाआधी आमच्या जालन्याकडच्या आठवडी बाजारात कळलं. मेथी विकणाऱ्या एका आजींनी माझी नोट डोळ्यांजवळ नेलीच नाही, नुसती अंगठ्यानं चाचपली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दिसत न्हाई बाई आता. पर हाताला लागतंय की." शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेवर गोल आणि पाच रेघा. न दिसणाऱ्यांसाठीच त्या ठेवल्या आहेत.

मग मी त्यांना वीसची नोट दिली. आजी थांबल्या. नव्या दहा-वीसच्या नोटांवर अशी खूणच नाही! दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब, वीसची १२९. पट्टीवर ६ मिलिमीटर मोजून बघा, केवढेसे असतात ते. आणि भाजीबाजारात हातात येतात त्या याच नोटा.

आजींनी ती नोट शेजारच्या पोराला दाखवली आणि विचारलं, "किती हायेत रे?"