आधी घेवडा मोजायला शिका

मागच्या रविवारी सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. मनमाड जंक्शन, समोरच्या रुळावर मालगाडी, उघड्या वाघिणींवर ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी अवजड, आणि खाली ओळ: "जय हिंद! आपले रणगाडे चालले." पाठवणारा माझा धाकटा आतेभाऊ. वय वर्षे वीस, बीएस्सीचं शेवटचं वर्ष. ग्रुपमध्ये त्रेसष्ट माणसं, त्यातली दहाएक कोण आहेत हे मला आजही सांगता येणार नाही. सत्तावीस जणांनी हात जोडले. (मीही अंगठा दिला, खोटं कशाला बोलू?)

दोन तासांनी त्याच महाशयांचा मला एकट्याला मेसेज. "दादा, मिलिटरी इंटेलिजन्समध्ये कसं जातात? कुठली एक्झाम असते?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि फोन लावला. म्हटलं, अरे बाबा, तुझी एक्झाम सकाळीच झाली आणि तू नापास झालास. आधी तो फोटो डिलीट कर.

तो हसला. त्याला वाटलं दादा नेहमीसारखी खेचतोय. पण मला तेव्हापासून आठवडाभर हाच विषय डोक्यात घेऊन बसावं लागलंय, म्हणून या वीकांताला तुमच्या माथी मारतो.

मनमाडच्या पोरांना गाड्यांचं वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मेन लाईन, दौंडहून नगरमार्गे येणारी आणि मराठवाड्यातून येणारी, सगळ्या आमच्या दारात येऊन मिळतात. नगरला (आता अहिल्यानगर) चिलखती दलाचं केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. त्यामुळे ताडपत्रीखालची वाहनं बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. पुलावर उभं राहून वाघिणी मोजायचा आमचा खेळच होता. जो चुकेल त्याने वडापाव द्यायचा.

तर या खेळाला गुप्तवार्तेच्या जगात फार मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये आणि उत्तर फ्रान्समध्ये 'ला दाम ब्लांश' नावाचं एक जाळं होतं. ब्रिटिशांसाठी काम करायचं. हजाराच्या आसपास माणसं, बहुतेक साधीसुधी नागरिक, त्यात बायका पुष्कळ. काम काय? रुळाशेजारच्या घरात बसून गाड्या मोजणे. एका घराची गोष्ट प्रसिद्ध आहे: खिडकीशी पाळीपाळीने घरची माणसं बसायची, पोरीसुद्धा. सैनिकांसाठी घेवड्याच्या बिया, घोड्यांसाठी चिकोरी, तोफांसाठी कॉफीचे दाणे. गाडी गेली की दाणे बाजूला. स्वयंपाकघरातले हे ढीग जोडले की जर्मन सैन्याची कुठली तुकडी कुठल्या आघाडीवर सरकतेय हे लंडनला कळायचं.

पिस्तूल नाही, छपरावरून उड्या नाहीत. रात्री तीन वाजता झोप आवरून घेवड्याची बी उचलायची, आणि कंटाळा आला म्हणून दोन वाघिणी अंदाजाने लिहायच्या नाहीत. इंटेलिजन्स म्हणजे मुख्यतः हे. माझा भाऊराया मात्र मोजणाऱ्याच्या खुर्चीत बसायची स्वप्नं बघत समोरच्या मोजणाऱ्याला फुकटात दाणे पुरवत होता. तारीख, वेळ, स्टेशन, सगळं एका फोटोत.

आता माझं भांडण त्याच्याशी नाहीच. तो वीस वर्षांचा आहे. माझं भांडण त्याला हे चित्र विकणाऱ्यांशी आहे, आणि विकत घेणाऱ्या आपल्याशी. वेब सिरीजमधला हेर सकाळी मुलांना शाळेत सोडतो, दुपारी स्फोट थांबवतो, संध्याकाळी बायकोशी भांडतो. रॉ, आयबी, मिलिटरी इंटेलिजन्स, सगळं एकाच पातेल्यात. ते बघून आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये "साला, जॉब असावा तर असा" म्हणतो आणि परत जाऊन जिराची तिकिटं बंद करतो. बहिर्जी नाईकांचं नाव आपण कॉलर ताठ करून घेतो. पण त्यांच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं कागदावर किती थोडं उरलंय याचा विचार करा. कामच तसं होतं.

भाऊरायाला जे सांगितलं ते थोडक्यात इथेही लिहितो. मिलिटरी इंटेलिजन्सची वेगळी परीक्षा नसते. तसली जाहिरात कुणी दाखवली तर समजायचं की कुणीतरी फी उकळणार आहे. आधी सैन्यात अधिकारी व्हायचं: बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर सीडीएस (डेहराडूनसाठी वय १९ ते २४), मग पाच दिवसांची एसएसबी, मग प्रशिक्षण. शेवटी कुठलं दल मिळणार हे तुमची पसंती, गुणक्रम आणि जागा यांवर ठरतं, त्यात इंटेलिजन्स कोअर हे एक दल. मिळालं तरी आधी पायदळाबरोबर दिवस काढावे लागतात, कारण ज्याने चौकीवर रात्र काढली नाही त्याला चौकीतल्या माणसाला कुठली माहिती हवी असते ते कळणार कसं? या दलाची शाळा आपल्या पुण्यातच आहे. आपण तिच्या आसपासच्या रस्त्यांवरून रोज ट्रॅफिकला शिव्या घालत जातो. मुलींना या दलात कायम कमिशन मिळायचा रस्ता २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोकळा झाला. लेफ्टनंटचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० आणि वर १५,५०० लष्करी सेवा वेतन. "म्हणजे फ्रेशरपेक्षा बरा की!" - इति भाऊराया.

(मी स्वतः इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एसएसबीला गेलो होतो. पहिल्याच दिवशी धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, त्या चाळणीत पडलो. छातीवरचा नंबर काढून घेतला आणि बसने स्टेशनवर सोडलं. घरी मात्र "मेडिकलमध्ये गेलो" असं सांगितलं होतं. आत्या, तू हे वाचत असशील तर आता कळलं.)

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग आत्याने फोन हिसकावून घेतला. ती फार बोलत नाही, थेट मुद्द्याला हात घालते. "काय रे, तिथे काम करताना अडकला तर सरकार आपला माणूस म्हणून सोडवतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण आत्याच्या डोक्यात सिनेमा नव्हता, मालेगाव होतं.

मनमाडहून मालेगाव चाळीसेक किलोमीटर. २९ सप्टेंबर २००८ ला रमजानच्या दिवसांत रात्री भिक्खू चौकात बॉम्ब फुटला. सहा माणसं गेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. मी शाळेत होतो. घरात सगळे दोन-तीन दिवस हळू आवाजात बोलत होते एवढं आठवतं. आणि नोव्हेंबरमध्ये ज्यांना अटक झाली त्यांत एक लेफ्टनंट कर्नल होते, प्रसाद पुरोहित. नोकरी मिलिटरी इंटेलिजन्समधली, आधीची नेमणूक देवळालीची. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, तरी तारखा लिहितो, कारण तारखाच बोलतात. जवळजवळ नऊ वर्षं तुरुंगात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन. ३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं, विश्वासार्ह पुरावा नाही म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये ते कर्नल झाले. त्याच महिन्यात मृतांचे नातेवाईक अपिलात गेले.

पुरोहितांचं म्हणणं असं होतं की त्या बैठकांना आपण माहिती काढायला, कामाचा भाग म्हणून जात होतो आणि वरिष्ठांना कळवत होतो. उलट जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची दोषमुक्तीची मागणी फेटाळताना म्हटलं की बॉम्बस्फोटाचा आरोप हा काही सरकारी कर्तव्याचा भाग होऊ शकत नाही, त्यामुळे खटल्याला सरकारच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. या विषयावर आपल्याकडे लोकांची दोनच टोकं. एकाच्या लेखी हा माणूस पहिल्या दिवसापासून हुतात्मा, दुसऱ्याच्या लेखी निकालानंतरही खुनी. मी दोन्ही तंबूत बसायला तयार नाही. मला एका साध्या गोष्टीचा राग आहे. एखादा अधिकारी अमुक बैठकीला हुकुमावरून गेला होता की स्वतःच्या मर्जीने, हा प्रश्न खरं तर नोंदवहीचा आहे. बंद खोलीत न्यायाधीशासमोर एक फाईल उघडावी आणि आठवड्यात निकाल लागावा. आपण सॉफ्टवेअरवाले एक ओळ प्रॉडक्शनला टाकताना कुणी मंजुरी दिली, किती वाजता दिली, सगळं लिहून ठेवतो. इथे ते नीट लिहिलेलं नसेल, किंवा असूनही समोर येत नसेल, तर दोन गोष्टी एकदम होतात. माणूस निरपराध असेल तर त्याची नऊ वर्षं जातात. आणि माणूस अपराधी असता तर? तोही याच धुक्यात लपू शकला असता. भिक्खू चौकातली सहा माणसं कुणी मारली, या प्रश्नाला सतरा वर्षं उलटूनही आपल्याकडे उत्तर नाही. मालेगावच्या त्या घरांच्या वाट्याला न्यायालयाने दिलेली दोन-दोन लाखांची भरपाई आली.

आणि हे धुकं निसर्गाने आलेलं नाही. आपल्याकडे आयबी १८८७ पासून आहे, रॉ १९६८ पासून, कारगिलनंतर २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. सैन्यातल्या माणसाला आर्मी अ‍ॅक्ट लागू असतो हे खरं. पण गुप्तवार्तेचं काम कुठवर करायचं, हुकूम कुणी आणि कसा द्यायचा, हुकूम पाळणाऱ्याला संरक्षण काय आणि हद्द ओलांडणाऱ्याचा हिशोब कुणी घ्यायचा, हे सांगणारा संसदेने केलेला कायदा नाही. ब्रिटनने १९८९ आणि १९९४ मध्ये आपल्या गुप्तचर संस्था कायद्याखाली आणल्या, खासदारांची समितीसुद्धा नेमली. त्याने त्यांचे हेर आंधळे झाले असं काही दिसत नाही. आपल्याकडे २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे गेलं नाही. कुणी रस्त्यावर आलं? तुम्ही? मी तर नाहीच, मी तेव्हा शाळेत होतो. पण नंतरही आलो नाही.

"गुप्त गोष्टी गुप्तच राहायला हव्यात" हा युक्तिवाद मला रोज ऐकवला जातो, तोही ताडपत्रीवाला फोटो पुढे ढकलणाऱ्या मंडळींकडून. कारगिलचीच गोष्ट घ्या. मे १९९९ मध्ये घुसखोर पहिल्यांदा दिसले ते याक शोधायला निघालेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला. नंतर सुब्रह्मण्यम समिती बसली, अहवाल छापला गेला, आणि त्यात गुप्तवार्तेबद्दलचा मजकूर बराच गाळलेला. काही गाळावं लागतंच, मान्य. पण सगळंच गाळलं तर पुढच्या वेळी चूक सापडणार कुणाला? पुन्हा याक हरवायची वाट बघायची?

राहता राहिलो आपण, घरबसले देशभक्त. आमच्या टीममधला एकजण दर महिन्याला "सैनिक सीमेवर उभा आहे" पाठवतो आणि लिंक्डइनवर सरकारी क्लायंटच्या सिस्टिमचं नाव, व्हर्जन, सर्व्हरची माहिती असं सगळं अभिमानाने लिहून ठेवतो. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना एटीएसने अटक केली. आरोप असा की बाईच्या नावाने आलेल्या पाकिस्तानी हस्तकाशी चॅट करताना गोपनीय माहिती दिली. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण समोरच्याचं दाणे मोजणं चालूच आहे आणि दाणे आपल्या खिशातून सांडतायत, एवढं कळायला निकालाची गरज नाही.

आणि ज्यांना खरंच खाज आहे, पण "वय निघून गेलं हो" असं म्हणतायत, त्यांच्यासाठी: इंजिनिअरांना टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सची मर्यादा २७, ती माझीही गेली. पण प्रादेशिक सेनेत नोकरी सांभाळून अधिकारी होता येतं आणि तिथली मर्यादा ४२ आहे. आता बोला!

काल रात्री आत्याला परत फोन केला. खरं तेच सांगितलं: सोडवेलच असं लिहून कुणी देत नाही, आत्या. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्याला सांग, जे काही करशील ते आधी साहेबाकडून लिहून घे म्हणावं."

भाऊरायाने सीडीएसचा फॉर्म भरायचं ठरवलंय. फोटो ग्रुपमधून काढलाय. पण तोवर काकांनी तो आणखी दोन ग्रुपना पाठवला होता.