भाव पडला म्हणून फुलं झाडावर वाळवू नका

दसरा झाला की झेंडूचा भाव पडतो, हे काही नवीन नाही. पण त्यानंतर आपल्याकडं जे चालतं ते मला पटत नाही. तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून फुलं झाडावरच वाळू द्यायची, आणि आठवड्यानं दुकानात जाऊन विचारायचं, कळी लागंना, फूल बारीक पडतंय, कुठलं टॉनिक मारू?

कशाला टॉनिक? झाडाला तुमच्या हाराशी देणंघेणं नाही, त्याला बी धरायचं असतं. पाकळी सुकायला लागली की खालच्या बोंडात बी भरतं, झाडाची ताकद तिकडं जाते. नव्या कळीला राहिलं काय? काही संकरित वाणांत बी कमी धरतं, खरं आहे. पण जुनं फूल कुजायचं तिथंही चुकत नाही. परतीचा पाऊस लागला तर बघायलाच नको. भिजलेल्या फुलावर बुरशी धरते आणि शेजारच्या कळीवर जाते. मग फवारणीचा खर्च वेगळा.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत हातात साधारण २० दिवस असतात. दिवाळीचा तोडा ह्याच दिवसांत तयार होतो. म्हणून "मजुरी अंगावर पडते" हा हिशेब अर्धाच आहे राव. ही मजुरी पडलेल्या भावाच्या फुलावर धरू नका, दिवाळीच्या फुलावर धरा, मग बोला. सगळं रान एका दिवसात करा असंही म्हणत नाही. घरच्या दोन माणसांनी रोज चार-चार सऱ्या घेतल्या तरी काम उरकतं.

खुडताना नुसत्या पाकळ्या ओरबाडू नका, लई जण तेच करतात. बोंड राहिलं तर मेहनत फुकट. देठासकट खालच्या पानापर्यंत घ्या, फुटवा तिथूनच येतो. आणि कुजकी फुलं सरीत फेकू नका, रानाबाहेर खड्ड्यात पुरा.

काही जण म्हणतात, पुढच्या सालाला बी धरतोय. देशी वाण असंल तर जरूर धरा, पण त्यासाठी निरोगी झाडं वेगळी राखा, सगळं रान कशाला? रोपवाटिकेतून आणलेल्या संकरित झेंडूच्या बियाचं झाड मूळ झाडासारखं निघत नाही. एक उंच, एक बुटकं, फुलाचा रंगही तिसराच.

कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती. बांधावर आलात की औषधाचं नाव लिहून द्यायच्या आधी खुडणी झाली का ते विचारा. दिवाळीचा शेवटचा तोडा झाल्यावर मात्र कुणी खुडत बसू नका, रोटर मारून रान मोकळं करा.