पटाचे बैल, वखराचे बैल

दसऱ्याच्या दिवशी आमच्या अमरावतीत मोटारीचा जेवढा मान होतो, तेवढा वर्षभरात जावयाचाही होत नाही. सकाळी तिला न्हाऊ घालतात, बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार चढवतात, नारळ फोडतात आणि मग चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून मालक मोठ्या गंभीर मुद्रेने गाडी हातभर पुढे नेतो. लिंबे चिरडली की वर्षाची इडापिडा टळली, असे समजून सारे घर सोने लुटायला निघते. लिंबू रसाळ होते की वाळके, यावर चर्चासुद्धा होते. पण वाचकहो, ज्याने ते चिरडले त्या टायरकडे वाकून पाहायला कुणालाही सवड नसते.

वास्तविक मोटारीचा आणि धरणीमातेचा संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण एका तळहाताएवढ्या जागेत. हजार-बाराशे किलोंची गाडी, आत बसलेली आजी, नातवंडे, डिकीतले अनारशांचे डबे, हे सगळे त्या चार तळहातांवर चाललेले असते. वळायचे असो, थांबायचे असो की पळायचे असो, जे काही होते ते त्या तळहातांच्या पकडीने होते. इंजिन कितीही दांडगे असले तरी पकड सुटली की त्याची सारी ताकद फुकट.

बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवतो, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. जी पळते तीही धाव आणि जिच्यावर पळते तीही धाव! या लोखंडी धावेने पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडातला कापूस बाजारात पोहोचवला आणि पाठीच्या मणक्यांचा हिशेब कधी ठेवला नाही. पुढे रबर आले. १८३९ मध्ये गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले रबर बसवले. हा डनलॉप मूळचा जनावरांचा डॉक्टर. म्हणजे आमच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर. चाकांच्या इतिहासातही अखेर गुराढोरांचा संबंध सुटला नाही, याचे आम्हां वऱ्हाडकरांना समाधान वाटावे.

हा विषय निघाला तो आमच्या भाच्यामुळे. चिरंजीव इंजिनिअर आहेत. सोमवार ते शनिवार सकाळी लेकीला शाळेत सोडायचे आणि तेथून बडनेऱ्याकडे कामावर जायचे, हा त्यांचा नेम. पण त्यांना एक नाद आहे. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे म्हणून शर्यतीचा मार्ग आहे, तसाच मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. अशा मार्गांवर काही दिवस फी भरून आपली स्वतःची गाडी मनसोक्त पळवू देतात. शर्यत नसते, बक्षीस नसते. ज्याचे त्याने आपले कौशल्य पाहायचे. वर्षातून एक-दोनदा हे महाशय मित्रांबरोबर हजार किलोमीटरांहून लांब गाडी हाकत तिकडे जातात. यंदा टायर बदलायची वेळ आली, तेव्हा आमच्याकडे येऊन म्हणाले, “मामा, एकच टायर असा सांगा, की पोरीला शाळेतही नेता आलं पाहिजे अन् ट्रॅकवर गाडीही चिकटून वळली पाहिजे.”

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न का, असे वाचक विचारतील. पण मामा या पदाला विषयाचे बंधन नसते. आम्ही त्याला घेऊन एका जुन्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले, हातातली पान्हा-पक्कड खाली ठेवली आणि एका वाक्यात निकाल दिला, “सर, जे चिकटते ते झिजते, अन् जे टिकते ते घसरते. दोन्ही पाह्यजे असन, तर मधातलं घ्या.”

या एका वाक्यावर व्याख्यान देण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांना घट्ट बिलगते, म्हणून वळणावर ते सुटत नाही. पण बिलगता बिलगता स्वतः खरडले जाते. कठीण रबर पन्नास हजार किलोमीटरसुद्धा सोबत करते. पण ऐन वेळी त्याची मिठी सैल असते. शर्यतीसाठीच केलेल्या टायरची तऱ्हा तर आणखी निराळी. ते तापल्यावाचून चिकटत नाही. ट्रॅकवर दोन फेऱ्यांत ते तापते. राजकमल चौकातून राजापेठेपर्यंत सिग्नलला थांबत थांबत जाताना ते तापणार कधी? शिवाय त्यावर नक्षी जवळजवळ नसते. जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकावे, हा त्याचा हेतू. कोरड्यात तो साधतो, पण पावसात घात होतो. टायरवरच्या खाचा शोभेच्या नाहीत. खालचे पाणी बाहेर फेकण्याचे ते पाट आहेत. पाट नसले की टायर पाण्याच्या थरावर तरंगते, स्टिअरिंग हलके लागते आणि गाडी कुणाचेच ऐकत नाही. आमच्याकडे जून-जुलैत रस्त्याला काळ्या मातीचा चिखल लागलेला असतो, तेव्हा तर बोलायलाच नको.

टायरची निवड करण्याआधी ते वाचता आले पाहिजे. आमचा पेशाच वाचण्याचा, म्हणून सांगतो की टायरच्या कडेवरचा मजकूर एखाद्या ताम्रपटापेक्षा कमी नाही. २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले असेल, तर २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचांत. पुढचा ९१ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ त्या एका टायरने ६१५ किलो पेलावेत. शेवटचे अक्षर वेगाचे. एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. जवळच चार आकडे एका चौकटीत असतात, ही टायरची जन्मपत्रिका. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. दुकानात ‘नवाकोरा माल’ म्हणून दाखवलेले टायर चार वर्षांचे निघू शकते, म्हणून आधी पत्रिका पाहावी, मग सोयरीक.

परदेशी बाजारातही विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टायरांवर झिजेचा आणखी एक आकडा असतो. साध्या घरगुती टायरवर तो ४०० किंवा त्याहून वर आढळतो, ट्रॅककडे झुकलेल्या टायरवर २०० च्या आसपास, आणि निव्वळ शर्यतीच्या ढंगाच्या टायरवर १०० किंवा त्याखाली. आकडा लहान तितके आयुष्य लहान. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा. दोन कंपन्यांमध्ये त्यावरून न्याय करू नये.

चुकीचे टायर काय करू शकते, याचे मोठे उदाहरण साऱ्या जगाने १९ जून २००५ रोजी पाहिले. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत होती. वीसपैकी चौदा गाड्यांना मिशलिनची टायरे होती. तेथल्या तेराव्या क्रमांकाच्या उतरत्या, वेगवान वळणाचा भार त्या टायरांना सोसेना. सरावात राल्फ शूमाकरची गाडी तेथेच आदळली. कंपनीने सांगितले, या टायरांवर पूर्ण शर्यत धावणे धोक्याचे आहे. शर्यतीच्या दिवशी एक पाहणी-फेरी घेऊन चौदाही गाड्या निमूटपणे आत वळल्या आणि उरलेल्या सहाच गाड्या, ज्यांना ब्रिजस्टोनची टायरे होती, त्या पळाल्या. त्या सहांत आमचा कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. जगातले नामांकित कारखानदार, नामांकित चालक, सगळे जागेवर थांबले ते केवळ रबरापुढे. ज्यांनी थांबण्याचे धैर्य दाखवले, त्यांची त्या दिवशी खूप हुर्यो झाली. पण ते सगळे संध्याकाळी धडधाकट घरी गेले, हे कोण लक्षात ठेवतो?

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते आम्हांला कोइम्बतूरपेक्षा तळेगाव दशासरला अधिक चांगले सापडते. आमच्या जिल्ह्यातल्या या गावचा शंकरपट नामांकित. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. पटाचा निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही पटशौकिनाला विचारा, “पाटील, हीच जोडी उद्या वखराला जुंपणार का?” तो तुमच्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहील. पटाचे बैल वेगळे, वखराचे वेगळे. जुंपायची गाडीसुद्धा वेगळी. पटाला हलका छकडा, मालाला बंडी. जे शहाणपण शेतकऱ्याला वाडवडिलांपासून आहे, ते मोटारवाल्याने उसने घ्यायला लाजू नये.

म्हणजे मार्ग तीन. वर्षातून एखादेच वेळी ट्रॅकवर जाणे असेल, तर चांगले साधे टायर पुरे. सीमा लवकर येते, पण सांगून येते. आधी ते चीं चीं ओरडते आणि मग हळूहळू घसरते, त्यामुळे शिकणाऱ्याला ते गुरूसारखे असते. दोन-चार वेळा जाणे असेल, तर टायरवाला म्हणाला तसे ‘मधातले’, म्हणजे रस्त्यासाठीच केलेले, पावसाच्या खाचा शाबूत असलेले पण रबर थोडे मऊ असे टायर. ते लवकर झिजेल हे धरून चालावे. आणि नाद याहून मोठा असेल, तर रिमसकट चार चाकांचा दुसरा संच घ्यावा, तो ट्रॅकवरच चढवावा आणि घरी परतताना उतरवावा. मऊ टायर घालून दर पावसाळ्यात लेकीला शाळेत नेणे, हा चौथा मार्ग काही हौशी लोक पत्करतात. तो आम्ही मोजलेला नाही.

यातले काहीही निवडले तरी काही नियम सारखेच. चारही चाकांना एकाच जातीचे टायर असावे. दोनच नवी घ्यायची असतील, तर ती मागे बसवावीत. पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, मागची सुटली तर ती गिरकी घेते आणि सामान्य माणसाला ती सावरत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधली खुणेची उंचवटी रबराला टेकते. तेव्हा टायर गोटा झाले असे समजावे. ट्रॅकवर पळून आलेल्या गाडीची शेवटची फेरी हळू घ्यावी आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नये. आणि एक कानगोष्ट: गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. तेथे ठोकर बसली तर खर्च आपलाच.

भाच्याला न विचारता आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती सर्व वाचकांसाठी आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला. रस्ते झाले हे भाग्यच. पण सरळ, रुंद रस्ता दिसला की कोइम्बतूर तेथेच आहे असे पुष्कळांना वाटू लागते. शर्यतीच्या मार्गावर समोरून ट्रॅक्टर येत नाही, गाय आडवी बसत नाही, आणि बाहेर पडलात तर मोकळी जागा असते. येथे तसे काही नाही. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागते, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे.

शिवाय आमचा उन्हाळा! पारा ४५ च्या पुढे गेला की लोक टायरमधली हवा कमी करतात. ‘गरमीनं फुगते’ म्हणून. हे अगदी उलटे आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, दुमडून तापते, आणि तासन् तास तापून फाटते. फुगण्याचा हिशेब कारखान्याने आधीच धरलेला असतो. सहा अंशांनी साधारण एक पौंड एवढीच ती वाढ. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर हवा किती हवी ते लिहिलेले असते. ती सकाळी गाडी थंड असताना मोजावी. नायट्रोजन भरा म्हणून कुणी आग्रह केला तर भरा, बिघडत नाही. पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

भाच्याने अखेर ‘मधातले’ टायर घेतले. घरात त्याचा पहिला परिणाम असा झाला की, आठवड्यातून एकदा हवा मोजायला लेकही त्याच्याबरोबर अंगणात उकिडवी बसते आणि आकडे मोठ्याने वाचते. येत्या भाऊबीजेला आपल्यापैकी अनेकजण मुलाबाळांना घेऊन अकोला, यवतमाळ, नागपूरकडे निघतील. ओवाळणीचे पाकीट खिशात घालण्याआधी पाच मिनिटे काढून तेवढे गुडघ्यावर बसावे. चार टायर, चार आकडी जन्मपत्रिका, हवेचा काटा आणि डिकीतली स्टेपनी. हो, स्टेपनीसुद्धा, तिला तर दसऱ्याचे लिंबूही मिळालेले नसते.