'ग्रास्पिंग पॉवर' : एका शब्दाची गाळलेली पायरी

शाळेतील पालकसभा असो वा घरातील गप्पा, 'मुलाची ग्रास्पिंग पॉवर चांगली आहे' हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी आता पुरते रुळले आहे. ग्रंथभाषेत त्यालाच आपण 'ग्रहणशक्ती' म्हणतो. दोन्ही शब्दांतून सुचवायचे असते ते एकच : एकदा सांगितले की ज्याला कळते तो हुशार, ज्याला तीनदा सांगावे लागते त्याच्यात ही शक्ती कमी. प्रस्तुत लेखकाला हा अर्थ मान्य नाही, आणि त्याला आधार त्या इंग्रजी शब्दाच्याच इतिहासात सापडतो.

'ग्रास्प' हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजीत आढळते. त्या वेळी त्यात हात पुढे करून चाचपणे, शोधणे हा अर्थ होता. अंधारात चाचपडणे या अर्थाचे 'ग्रोप' हे क्रियापद त्याचे जवळचे नातलग मानले जाते. त्याचे मूळ रूप 'ग्राप्स'सारखे असावे व पुढे 'प' आणि 'स' यांची अदलाबदल झाली असावी, असे व्युत्पत्तिकारांचे मत आहे. ध्वनिपरिवर्तनाचा अभ्यास करताना आपण ज्याला वर्णविपर्यय म्हणतो, तोच हा प्रकार : 'चिकटणे'चे 'चिटकणे', 'नुकसान'चे 'नुस्कान'. घट्ट धरणे हा अर्थ त्यानंतर स्थिरावला, आणि बुद्धीने जाणणे हा अर्थ तर सतराव्या शतकातला. आधी चाचपडणे, मग धरणे, मग समजणे अशा या तीन पायऱ्या आहेत. मराठीने हा शब्द उसना घेतला तेव्हा पहिली पायरी गाळली.

आपल्याकडेही कळण्याचे काम भाषेने हाताकडेच सोपवलेले दिसते. संस्कृतातील 'ग्रह्' म्हणजे पकडणे. आग्रह, संग्रह, अनुग्रह ही सारी त्याचीच अपत्ये, आणि आपले रोजचे 'घेणे'देखील त्याच कुळातले. (खेड्यात 'ग्रहण' म्हटले की आधी आठवतो तो राहूने गिळलेला चंद्र, 'ग्रहणशक्ती' हा शब्द तिथे रुजला नाही यात नवल नाही.) 'आकळणे' याचाही जुना अर्थ कवेत घेणे, ताब्यात आणणे असा आहे. 'समजणे' मात्र वेगळ्या कुळातले. त्याच्या मुळाशी 'बुध्' म्हणजे जागे होणे हा धातू आहे. त्यात पकड नाही, जाग आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. येथे झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते, ते मूल प्रमाण मराठीच्या वर्गात बसते तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? गोंडी ही द्राविडी भाषा. तिच्यात नामांचे स्थूलमानाने दोनच वर्ग : एक पुरुषवाचक आणि दुसरा बाकी सर्वांचा. दगड 'तो', भिंत 'ती' आणि झाड 'ते' का, याचे उत्तर त्या मुलाला घरच्या भाषेत मिळत नाही. खरे तर मराठीतही त्याचे धड उत्तर नाही, आपण ते ऐकून ऐकून शिकलो इतकेच. ते मूल 'तो भिंत' म्हणते तेव्हा त्याची बुद्धी थांबलेली नसते. ती दोन व्याकरणांच्या मधल्या अंधारात हात फिरवीत असते. हिंदी घरातील मुलाला नपुंसकलिंगापाशी असेच अडखळावे लागते. पण शेरा मिळतो तो 'ग्रहणशक्ती कमी' हाच, आणि शिक्षकाला एका वाक्यात लिहिता आलेला हा शेरा मुलाला पुढे वर्षानुवर्षे वागवावा लागतो.

रोवणीच्या दिवसांत बांधीत प्रथमच उतरलेल्या पोराच्या हातात रोपांची जुडी देतात, तेव्हा त्याची बोटे कधी दोन रोपे सोडवतात, कधी सहा. कोणी त्याच्या शक्तीचे माप काढीत नाही. शेजारची बाई हात न थांबवता 'अशी धर' म्हणते आणि पुढे सरकते. दुपारपर्यंत बोटांना अदमास येतो.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी शाळा अशाच एखाद्या शेऱ्यानंतर सोडलेली असते. पुस्तिकेतील एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचणाऱ्या, संपर्कसत्रात तोच प्रश्न पुन्हा विचारणाऱ्या विद्यार्थ्याची 'ग्रास्पिंग पॉवर' कमी आहे, असे म्हणण्यापूर्वी त्या शब्दाचा चौदाव्या शतकातील अर्थ आठवावा. तो विद्यार्थी त्या वेळी नेमके तेच करीत असतो.