दहिसरपलीकडचे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. मुंबईच्या चाकरमान्यापुढे मात्र घर बांधण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला ते घ्यायचे होते आणि तेही हप्त्याने. गिरगाव-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्यांचे स्वप्न तरी केवढे? वेगळे स्वयंपाकघर, घरातच संडास-न्हाणी आणि मुलांना अभ्यासाला कोपरा. हे स्वप्न ज्यांना मुंबईत परवडले नाही, त्यांतल्या अनेकांना ते मीरा रोड-भाईंदरला सापडले.

यामागे मोठी कारणे होती. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू तरला, पण भाड्यासाठी नव्या चाळी बांधण्यात कुणाला रस उरला नाही आणि जुनी खोली पागडीशिवाय मिळेनाशी झाली. 1982च्या संपानंतर गिरणगावाचा आधारही तुटला. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते. पलीकडे जमीन स्वस्त आणि लोकल मात्र तीच. मिठागरे आणि भातशेतीच्या या गावांची 1985 मध्ये नगरपरिषद आणि 2002 मध्ये महानगरपालिका झाली. 1991च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली वस्ती 2011 मध्ये आठ लाखांवर गेली.

माणसे आली, ब्लॉक घेतले, दारावर पाट्या लागल्या. पण स्वप्नात जे कधी दिसत नाही, ते म्हणजे घराखालची जमीन! सदनिका आपल्या नावावर झाली, की घर आपले झाले असे आपण समजतो. 1963च्या सदनिका मालकी कायद्यानुसार सोसायटीची नोंदणी झाल्यावर, करारात वेगळी मुदत नसेल तर, चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कितीतरी सोसायट्यांचे हे 'कन्व्हेयन्स' वर्षानुवर्षे रखडले. कारण उघड आहे. जमीन ज्याच्या नावावर, वाढीव चटईक्षेत्रावर दावा सांगणे त्यालाच सोपे.

तरुण वयात याची झळ लागत नाही. ती आता लागते आहे. त्या काळी उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींना तीस-पस्तीस वर्षे झाली. चौथा मजला आजी-आजोबांना चढवत नाही, स्लॅब गळतो, लग्न झालेल्या मुलाला आणखी एक खोली हवी असते. उपाय पुनर्विकासाचा; पण जमीनच आपल्या नावावर नसेल तर बोलणी कशाच्या बळावर करणार?

मार्ग नाही असे नव्हे. 2008च्या दुरुस्तीनंतर बिल्डर दाद देत नसला, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजेच 'डीम्ड कन्व्हेयन्स'साठी, अर्ज करू शकते. नव्या घरांसाठी 2017 पासून महारेरा आहे. सदनिका चटईक्षेत्रावर विकायची आणि ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवायची, अशी सक्ती त्यात आहे. जुन्या इमारतीचे रखडलेले कागद मात्र महारेरा आपणहून घरी आणून देत नाही. ते रहिवाशांनीच एकत्र येऊन मिळवायचे असतात.

आणि इथेच आपले चुकते. टाइल्सचा रंग ठरवायला सारे घर बसते. सोसायटीच्या सभेला मात्र कोरम भरत नाही. फ्लॅट एकट्याचा असतो, पण इमारत आणि जमीन चाळीस कुटुंबांची असते. चाळीत नळावर भांडणारी माणसे अडीअडचणीला धावून येत. ब्लॉकमध्ये दार लावून घेण्याची सोय झाली आणि ती सवयही सुटली.

नव्या घराचे स्वप्न जरूर पाहावे. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे. मात्र हॉल केवढा हे विचारण्याआधी जमीन कुणाची, हे विचारावे. जे आधीच राहायला गेले आहेत, त्यांनी येत्या सभेत हाच प्रश्न मांडावा. मुलांसाठी घर ठेवायचे, तर त्याच्याखालची जमीनही ठेवायला हवी.