चेहऱ्यावरचा हक्क

वसतिगृहात कॅमेऱ्याचा मोबाइल असावा की नसावा, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. आमच्या मते छायाचित्र कोण, कोणाचे आणि कोणाच्या संमतीने घेतो, हा खरा प्रश्न आहे.

खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात व्यक्ती, घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मिळावे, हा मूलभूत हक्क म्हणून मांडला होता. ती तरतूद संविधानात आली नाही. मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल दलित मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. तिचे चित्रण सर्वत्र पसरले आणि अत्याचार उघडकीस आला. म्हणूनच कॅमेऱ्यावर सरसकट बंदी आम्हास मान्य नाही. ज्याचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही, त्याला तो पुराव्याचा आधार आहे. परंतु पुरावा पोलिसांकडे द्यावयाचा असतो. तो मोबाइलवरून फिरत राहिला, की मुलांची विटंबनाही फिरत राहते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. हेतू सहानुभूतीचा असला तरी ओळख उघड होतेच.

निवासी शाळेपुरती आमची भूमिका स्पष्ट आहे. शयनगृह, स्नानगृह व आजारी मुलांची खोली येथे कोणाचाही कॅमेरा नको. विद्यार्थ्यांचा नको, तसाच शिक्षकांचा, अधीक्षकांचा व पाहुण्यांचाही नको. मुलांवर बंधन आणि मोठ्यांना मोकळीक, ही समता नव्हे.

आणखी एक बाब आपणा सर्वांशी संबंधित आहे. वह्या व गणवेश वाटपात हात पुढे केलेल्या मुलाचे छायाचित्र देणगीदाराच्या स्टेटसवर झळकते, तेव्हा त्या मुलाला बहुधा कोणी विचारलेले नसते. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात स्वाभिमानाचा मार्ग स्वीकारला, त्याच्या लेकरांना दयेचा विषय करणे आपणास शोभत नाही. देणगीचा विनियोग दाखवावयाचा असेल, तर पावती, ग्रंथालय आणि परीक्षेचा निकाल दाखवावा. माजी विद्यार्थ्यांनी यंदाच्या वाटपापासूनच मोबाइल खिशात ठेवावा. वस्तू हाती घेणाऱ्या मुलाने आपला चेहरा दिलेला नसतो.